दुकानातला डीव्हीआर घरी का दिसत नाही?

प्रश्न : घरी फायबरचा राउटर आहे. तिथून ६० मीटर केबल अंगणावरून ओढून मागच्या आडत दुकानात दुसरा राउटर बसवला. दुकानात इंटरनेट चालतं, पण तिथला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि प्रिंटर घरून सापडत नाहीत. (उदगीर)

उत्तर : केबल दुकानातल्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत) असणार. त्यामुळे तो आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो : घरच्या उपकरणांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुकानातले १९२.१६८.० ने. दुकानातून बाहेर गेलेल्या मागणीचं उत्तर परत येतं, पण घरून नव्याने आलेली मागणी हा राउटर आत घेत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरची मागणी आतल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याच्या) भानगडीत पडू नका, दोन्हीकडे एकच नेटवर्क करा.

घरच्या राउटरमध्ये डीएचसीपीचे (उपकरणांना आपोआप पत्ता देणाऱ्या सोयीचे) पत्ते १९२.१६८.१.१०० ते २०० एवढेच ठेवा, म्हणजे हाताने दिलेले पत्ते त्यांच्याशी भिडणार नाहीत. मग दुकानात घरून आलेली केबल काढा, तिथल्या राउटरला लॅपटॉप तारेने जोडा आणि राउटरचा लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू झाला की त्याच नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. आता घरची केबल लॅन पोर्टात लावा, वॅन रिकामा राहू द्या. डीएचसीपी बंद न करताच केबल लावली, तर दोन्ही राउटर पत्ते वाटतात आणि एखाद्या मोबाइलला चुकीचा गेटवे (इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) मिळून त्याचं नेट बंद पडतं. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड (वेगळं नेटवर्क न करता घरचंच पुढे पसरवणारा) असेल तर यातलं बरंचसं तो स्वतःच करतो.

हमखास राहून जातं ते डीव्हीआरचं. त्यात हाताने जुना पत्ता घातलेला असेल, तर तो १९२.१६८.१.५० आणि गेटवे १९२.१६८.१.१ करा. प्रिंटरचंही तसंच, फक्त त्याचा पत्ता डीव्हीआरपेक्षा वेगळा ठेवा.

६० मीटर अंतर तांब्याच्या केबलला चालतं, मर्यादा १०० मीटरची आहे. पण आपल्या मराठवाड्यात वळवाच्या विजा भयंकर. जवळपास वीज पडली तरी उघड्यावरच्या तारेतून दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात, सोबत डीव्हीआरही. अंगणापुरती फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावा. हा खर्च टाळू नका.

प्रश्न : कंपनीचा मोडेम ब्रिज मोडवर (तो फक्त जोडणी पुढे देतो, राउटरचं काम आपला राउटर करतो) टाकला, तर बाहेरगावाहून कॅमेरे थेट दिसतील का? (अंबाजोगाई)

उत्तर : आधी वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे. अशा वेळी ब्रिजने काही साधत नाही, स्टॅटिक आयपी (फक्त आपल्यासाठीचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागावा लागतो. तरीही ब्रिज करायचाच असेल, तर पीपीपीओईचं (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (जोडणीला कंपनीने दिलेला खुणेचा आकडा) कंपनीकडून आधी लिहून घ्या.