जोड थंड होताना काय घडतं? वाचकांचे वेल्डिंग-प्रश्न

प्रश्न: सहा-जी पाइपच्या (४५ अंशांत तिरका, न फिरवता जोडायचा) परीक्षेची तयारी करतोय. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, टिगने (टंगस्टनच्या सळईने आर्क पेटवून, तार वेगळी घालत), वरचे थर ७०१८ या वेल्डिंग-रॉडने. बाहेरून जोड छान दिसतो, पण रूट बेंडमध्ये (जोडातून कापलेली पट्टी रूटची बाजू बाहेर ठेवून वाकवण्याच्या चाचणीत) पट्टी नेहमी त्याच जागी उघडते, जिथे थांबून पुन्हा सुरू केलं तिथे. चूक कुठे होते?

उत्तर: चूक नेमकी त्या थांब्यातच आहे. आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, तोडल्यावर तिथे खड्डा राहतो आणि त्याची कड जाड असते. तिच्यावर थेट तार ओतली, तर नवा धातू वर बसतो, खाली मिसळत नाही. बाहेरून ते कळत नाही, पण पट्टी १८० अंशांत वाकवली की लगेच दिसतं. एएसएमई सेक्शन ९ या अमेरिकन वेल्डिंग-नियमांप्रमाणे ३ मिमीपेक्षा मोठी उघडीप म्हणजे नापास.

म्हणून प्रत्येक थांब्याला आणि टॅकच्या (पाइप जागी धरणाऱ्या छोट्या टाक्याच्या) दोन्ही टोकांना ग्राइंडरने उतार द्या, धारेसारखा पातळ. आर्क साधारण १० मिमी मागे, जुन्या वेल्डवर पेटवा. तार लगेच घालू नका. पुढे सरकून उताराच्या टोकाला आलात की दोन्ही कडा वितळून भोक उघडू द्या, मग पहिला थेंब. हे भोक दिसलं नाही, तर रूट लागलेलं नाही असंच समजा.

तयारी: दोन पाइपांमधला गॅप ३ मिमी, रूट फेस (कडेचा उतार न दिलेला सपाट भाग) १ ते १.५ मिमी, तार २.४ मिमी. वेल्ड आकसतो तसा समोरचा गॅप मिटत जातो, म्हणून अरुंद बाजूने सुरुवात करा. सहाच्या ठिकाणी, म्हणजे पाइपच्या तळाला, वितळलेला धातू खाली ओघळतो आणि आतून रूट खोलगट राहतं. तिथे आर्क आखूड ठेवा, तार गॅपमध्ये आत दाबून द्या. टंगस्टनचं टोक वितळलेल्या धातूत बुडलं तर तो भाग घासून काढाच, तसाच पुढे नेऊ नका.

पट्टी तयार करतानाही लक्ष द्या. घासल्याचे ओरखडे पट्टीच्या लांबीच्या दिशेने हवेत. आडवे राहिले तर चांगला जोडसुद्धा तिथूनच फाटायला सुरुवात होते.

प्रश्न: ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा जाड शाफ्ट जोडला. त्या दिवशी ठीक होता, दुसऱ्या दिवशी वेल्डच्या अगदी लगत चीर! रॉड खराब होती का?

उत्तर: रॉड हे एक कारण असू शकतं, पण एकट्या रॉडवर दोष टाकता येणार नाही. आधी कार्बन तुल्यांक, म्हणजे वेल्डिंगने पोलाद किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा, काढा (सगळे घटक टक्क्यांत): कार्बन + मँगनीज/६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम)/५ + (निकेल + तांबे)/१५. ०.४० कार्बन आणि ०.८० मँगनीज धरले, तर नुसतं ०.४० + ०.१३ म्हणजे ०.५३ होतं. ०.४५ च्या वर गेलं की जपून.

जाड थंड लोखंड वेल्डची उष्णता झपाट्याने ओढून घेतं. त्यामुळे जोडाशेजारच्या पट्ट्यात मार्टेन्साइट तयार होतं, कडक आणि ठिसूळ. दमट रॉडमधला हायड्रोजन त्यात शिरतो, जोड आकसताना ताण येतो, आणि काही तासांनी चीर पडते. अशा जोडांची तपासणी ४८ तासांनी करतात ती याचसाठी.

१५० ते २०० अंश सेल्सिअस प्रीहीट द्या, म्हणजे वेल्डिंगआधी तापवा, जाडीप्रमाणे अधिक. तापमान जोडापासून ७५ मिमीवर, तापखडूने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) तपासा, नुसतं ज्योतीखाली नको. रॉड १२० ते १५० अंशांच्या ओव्हनमधून थेट होल्डरमध्ये यावी. उघड्यावर ४ तासांहून जास्त राहिलेली रॉड उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणे पुन्हा भाजा. काम संपल्यावर पाणी किंवा पंखा अजिबात नको. उष्णतारोधक चादर गुंडाळून सावकाश थंड होऊ द्या.

प्रश्न: स्टेनलेसचा जोड चांगला असून शेजारी गंजतो. का?

उत्तर: ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ गेला की क्रोमियम कार्बनशी जोडलं जाऊन कणांच्या सीमेवर कार्बाइड बनतं आणि आसपासचं क्रोमियम घटतं. कमी कार्बनचं ३०४ एल पोलाद आणि ३०८ एल तार वापरा, दोन थरांमधलं तापमान १५० च्या आत ठेवा. पाइपच्या आतून आर्गॉन (हवा दूर ठेवणारा वायू) सोडायला विसरू नका.