आजाराचं ऑफिसात सांगायचं कसं?

दीर्घकाळ चालणारा आजार निघाला की नोकरी करणारी माणसं बहुतेक वेळा हीच अडचण घेऊन येतात: "ऑफिसात सांगितलं तर बाजूला पडेन, नाही सांगितलं तर निभणार नाही. त्यापेक्षा सोडूनच देऊ का?"

चाळिशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी राजीनामा टाइप करूनच ठेवला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नोकरी हिशेब विभागात, आजार रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. वैद्यकीय रजा संपत आली होती. "पूर्वीसारखं काम होणार नसेल तर जागा अडवून कशाला बसू?" असं त्या म्हणाल्या.

राजीनाम्याचा विषय मी बाजूला ठेवला आणि त्यांना एक साधी नोंद करायला सांगितली. दिवसाच्या कुठल्या वेळी हात काय करू शकतात आणि काय नाही, एवढंच लिहायचं. ती वही पाहण्यासारखी होती. सकाळी सातला ब्लाउजची हुकं लागत नाहीत. नऊला माऊस धरवत नाही. साडेदहानंतर बोटं मोकळी होतात आणि दुपारी टायपिंग जवळजवळ पूर्वीसारखं चालतं. या आजारात असंच होतं. दाह वाढवणारी काही द्रव्यं शरीरात पहाटेच्या सुमारास वाढतात, म्हणून सकाळी सांधे आखडलेले असतात आणि ते सुटायला तास-तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. नोंदीत दुसरीही एक गोष्ट दिसली. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्या ते रविवारी रात्री घेत, त्यामुळे सोमवार मळमळीत आणि थकव्यात जाई. आठवड्याची मुख्य बैठक नेमकी सोमवारी नऊला.

म्हणजे सगळी नोकरी हातातून गेली नव्हती, सकाळचे दोन तास आणि सोमवार गेला होता. डॉक्टरांना विचारून त्यांनी औषधाचा दिवस सुट्टीच्या आदल्या रात्रीवर आणला. असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. या औषधात चुकून रोज डोस घेतला गेला तर जिवावर बेतू शकतं.

मग साहेबांशी काय बोलायचं याची तयारी केली. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सॉरी सर, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय." आजारी माणूस इतका आधीच झुकलेला असतो, ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. ते वाक्य काढलं. रिपोर्ट, औषधांची नावं, सांध्यांची वर्णनं हेही काढलं. मागे राहिलं ते असं: "माझे हात सकाळी साडेदहानंतर नीट चालतात. अकरा ते सात वेळ मिळाली आणि सोमवारची बैठक दुपारी झाली तर माझं काम वेळेत होईल. तीन महिने करून पाहू." आजाराचं नाव किती जणांना सांगायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. साहेबांना सांगितलं, टीमला नाही.

हे मागणं म्हणजे भीक नव्हे. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांचा कामाचा हक्कही मान्य केला आहे आणि कामाच्या जागी वाजवी सोयी द्याव्यात असं म्हटलं आहे. आपला आजार त्यात बसतो का, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं, त्यामुळे माहितगाराला जरूर विचारावं. आणि जे ठरेल ते ईमेलवर घ्यावं. तोंडी कबुली साहेब बदलले की विरते.

वेळ मिळाली, सुरुवातीचे काही आठवडे अर्धा दिवसही मिळाला. खरी अडचण पुढे आली, आणि ती ऑफिसकडून आली नाही. बरं वाटलं की त्या साचलेलं सगळं काम एका दिवसात उपसत आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. "चांगल्या दिवशीसुद्धा अर्धवट थांबायचं?" हे त्यांच्या गळी उतरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकीकडे सहकाऱ्यांची कुजबुज होती, दुसरीकडे स्वतःला सिद्ध करण्याची घाई. रजेवरून परतलेली माणसं पुन्हा कोलमडतात ती बहुतेक या घाईतच, असं माझं मत आहे. चांगल्या दिवशीही ठरलेल्या वेळी उठायचं, हा नियम त्यांनी शेवटी गजर लावून पाळला.

काही महिन्यांनी आजार पुन्हा उसळला. या वेळी कागद तयार होता: महिनाअखेरीचे हिशेब कोण सांभाळणार, कुठली कामं घरून होतील, डॉक्टरांना कधी फोन करायचा. रजा लागली, पण थोडी. आता त्यांनी महिनाअखेरीची धावपळ नसलेलं, हिशेब तपासणीचं काम मागितलं आहे. साहेबांचं उत्तर यायचं आहे.