नाटककार, पत्रकार आणि प्राध्यापक: तिन्ही एकत्र जमतं का?

तुम्ही एम.ए. झालात, एकांकिका लिहिता आणि विचारताय की नाटक सांभाळायला पत्रकारिता बरी की प्राध्यापकी, की तिन्ही एकदम जमेल?

एका वेळी दोन जमतात, तिसरं हटकून मागे पडतं. मी आधी उपसंपादक होतो, मग तासिका तत्त्वावर शिकवलं. नाटकं मधल्या फटीत लिहिली. व्यावसायिक रंगभूमीवर लेखकाला मानधन प्रयोगागणिक मिळतं. प्रयोग थांबले की तेही थांबतं, त्यामुळे नोकरी हवीच.

वर्तमानपत्रात कान तयार होतो. तालुक्याचा वार्ताहर रात्री फोनवर बातमी सांगायचा, "घ्या लिहून, साहेब", आणि उपस्थितांच्या यादीत मेहुण्याचं नाव हळूच वर सरकवायचा. त्या आवाजातली ती अजिजी घरात बसून सुचत नाही. विजय तेंडुलकर वर्तमानपत्रांतूनच आले. जयंत पवारही पत्रकार आणि गिरणगावात वाढलेले. त्यांच्या 'अधांतर'मध्ये 1982चा गिरणी संप बातमीसारखा येत नाही, एका घरातल्या भांडणांतून येतो. अडचण वेळेची. तालमी संध्याकाळी आणि वर्तमानपत्राची पानं लागतात तीही संध्याकाळीच. मी कित्येक तालमी बुडवल्या, शेवटी दिग्दर्शकानं माझे संवाद स्वतःच बदलायला सुरुवात केली.

प्राध्यापकीचं म्हणाल तर वसंत कानेटकर डोळ्यांसमोर येतात. नाशिकच्या एच.पी.टी. कॉलेजात इंग्रजी शिकवत त्यांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' (1962) आणि 'अश्रूंची झाली फुले' (1966) लिहिली. 'अश्रूंची झाली फुले'मधली तत्त्वनिष्ठ विद्यानंद आणि वांड लाल्या ही गुरुशिष्यांची जोडी कॉलेजच्या आवारात वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसालाच सुचावी, असं मला वाटतं. पण ती कायमची नोकरी होती. आज नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊनही तासिका तत्त्वावर अडकलेले ढिगानं सापडतील. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही. म्हणजे लिहायला वेळ मिळतो तेव्हा खिसा रिकामा!

आता कोणीतरी तुम्हाला आचार्य अत्र्यांचं उदाहरण देईलच. पण त्यांचाही क्रम बघा. 'साष्टांग नमस्कार' (1933) आलं तेव्हा ते पुण्यात मुख्याध्यापक होते. त्यांनी काढलेला दैनिक 'मराठा' 1956चा, आणि 'तो मी नव्हेच' (1962) रंगमंचावर आलं तोवर शाळा केव्हाच सुटली होती. शिवाय ते अत्रे होते.

तुमच्या जागी मी असतो तर आधी सेट काढली असती आणि वर्तमानपत्राला बाहेरून नाट्यपरीक्षणं दिली असती. पैसे किरकोळ मिळतात, पण दुसऱ्याचं नाटक नेमकं कुठे पडलं ते उद्याच्या अंकासाठी चारशे शब्दांत सांगावं लागतं, आणि मग स्वतःच्या दुसऱ्या अंकाकडे बघायची नजर बदलते. एखाद्या निर्मात्यानं संहिता मागितली, तर मानधनाचं तालमी सुरू होण्याआधी कागदावर घ्या. प्रयोगाआधी संहिता तपासून परवानगी देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती कोण आणि कधी पाठवणार, तेही त्याच वेळी विचारून ठेवा.