गप्पीच्या शेपटीखालचा लाल धागा

मत्स्यालय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे दोन फुटी टाकीत पंधरा-सोळा गप्पी आणि चार मोली आहेत. दिवाळीनंतर शहरातल्याच एका दुकानातून आणखी सहा गप्पी आणून थेट त्याच टाकीत सोडले. गेल्या आठवड्यापासून तीन माद्यांच्या गुदद्वारातून लाल केसांसारखे काहीतरी डोकावताना दिसते आणि मासा हलला की ते आत जाते. दुकानदाराच्या सांगण्यावरून आठवडाभर मीठ टाकले, पण फरक पडला नाही. हे काय असावे, आणि औषध कोणते व किती द्यावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : हा कॅमॅलॅनस नावाचा गोलकृमी असण्याची दाट शक्यता आहे. पत्रावरून निदान करणे मी एरवी टाळतो, परंतु मासा शांत असताना बाहेर येणारा आणि त्याने अंग हलवताच आत ओढला जाणारा लाल तंतू नेहमीच्या दुसऱ्या कोणत्याही आजारात दिसत नाही. तरीही एकदा खात्री करून घ्यावी. सकाळी दाणे टाकण्यापूर्वी मोबाइलचा टॉर्च काचेला तिरपा धरून मादीच्या पोटाखाली, मागच्या पराच्या अगदी पुढे पाहावे. विष्ठा असेल तर ती लोंबत राहते, पाण्याबरोबर हेलकावते आणि काही वेळाने गळून पडते. जंत मात्र ताठ असतात, बहुधा दोन-चार एकत्र असतात आणि झिजलेल्या ब्रशच्या केसांसारखे बाहेर आलेले दिसतात. लाल दाणे खाणाऱ्या माशाची विष्ठाही लालसर होते, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये.

हा जंत आतड्याच्या भिंतीला तोंडाने घट्ट चिकटून रक्त शोषतो, आणि त्याची मादी अंडी न घालता जिवंत अळ्या पाण्यात सोडते. निसर्गात या अळ्या सायक्लॉप्स या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाने गिळल्यावर, आणि तो सायक्लॉप्स माशाने खाल्ल्यावर, पुढच्या यजमानात पोहोचतात. सायक्लॉप्स हे नाव जुन्या वाचकांना परके नसेल. विहिरीचे पाणी फडक्याने गाळून प्या असे ज्या नारूसाठी सांगितले जाई, तो रोगही याच सूक्ष्म जीवामार्फत पसरत असे आणि २००० साली भारत त्यातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. फडके नारूपुढे चालले, टाकीत मात्र त्याचा उपयोग नाही, कारण मत्स्यालयाच्या कोंडलेल्या पाण्यात कॅमॅलॅनसच्या अळ्या मध्यस्थाशिवाय एका माशाकडून थेट दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून तीनच माद्यांच्या अंगी जंत दिसत असले, तरी टाकीतल्या सर्व माशांना बाधा झाली आहे असे धरून संपूर्ण टाकीवर उपचार करावा. मिठाचा या जंतावर काहीही परिणाम होत नाही, तेव्हा ते आता थांबवावे.

औषध लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड. मात्रा दर लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तासांसाठी. शेळ्या-कोंबड्यांच्या जंतासाठी ते पशुवैद्यकीय दुकानात मिळते, मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि लेबल वाचल्याशिवाय बाटली उचलू नये. बाजारातल्या कित्येक द्रावणांत लेव्हामिसोलसोबत ऑक्सिक्लोझानाइड हे यकृतकृमींचे औषध मिसळलेले असते. ते जनावरांसाठी ठीक आहे, माशांच्या पाण्यात नको.

लोक बहुतेक चुका पाण्याच्या हिशेबात करतात. दुकानदार टाकीचा आकार सांगतो तो काचेचा असतो, पाण्याचा नव्हे. मी स्वतः पहिल्यांदा हे औषध वापरले तेव्हा काचेच्या मापावरून मात्रा काढली आणि तीन मोली कडेला पडल्या. अर्धे पाणी घाईने बदलल्यावर त्या उठल्या, पण तो धडा मी विसरलो नाही. आपल्या टाकीत वाळूच्या वरपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची फूटपट्टीने मोजावी. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि ती उंची ३० असेल, तर ५४ हजार घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर पाणी झाले आणि त्याला १०८ मिलिग्रॅम औषध लागेल. पाकिटावर ३० टक्के लिहिलेले असेल तर तेवढ्यासाठी ३६० मिलिग्रॅम पावडर हवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे वजन येत नाही. म्हणून ओळखीच्या सराफाकडून ३.६ ग्रॅम पावडर तोलून घ्यावी, एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि त्यातले १०० मिलिलिटर टाकीत ओतावे. पावडर हाताळताना हातमोजे घालावेत आणि ती मुलांपासून दूर ठेवावी, कारण लेव्हामिसोल पोटात गेल्यास काही माणसांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

संध्याकाळी दिवे बंद करून औषध घालावे आणि टाकीवर जाड चादर टाकावी, कारण प्रकाशात हे औषध निष्प्रभ होते. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, एअर पंप मात्र अखंड चालू ठेवावा. लेव्हामिसोल जंताला मारत नाही, लुळा करते. आतड्यावरची पकड सुटते आणि विष्ठेबरोबर तो बाहेर पडतो. आता हा लुळा जंत आणि त्याच्या पोटातल्या अळ्या तळाशीच पडून राहिल्या, तर मासे त्यांना टिपतात आणि आपण औषध घातलेच नव्हते असे होते. म्हणून २४ तासांनी वाळूत नळी खुपसत, कोपरे न सोडता, तळ सायफनने ओढून घ्यावा आणि निम्म्याहून अधिक पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीनमुक्त केलेले असावे. सायफन तोंडाने ओढू नये.

दुसरी मात्रा चुकवू नये. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तसेच करावे, कारण पहिल्या फेरीत सुटलेल्या आणि वाळूत उरलेल्या अळ्या तोवर माशांच्या पोटात वाढू लागलेल्या असतात. पहिल्या फेरीनंतर लाल धागे दिसेनासे होतात, तिथेच लोक थांबतात आणि दोन महिन्यांनी मला पुन्हा पत्र येते. हे सगळे नागपूरचा उन्हाळा सुरू होण्याआधी उरकावे. मे महिन्यात कूलरशिवायच्या खोलीत टाकीचे पाणी ३२ अंशांच्या वर जाते, त्यात प्राणवायू आधीच कमी असतो आणि जंतांनी अशक्त झालेल्या माशाला औषधाचा ताण त्यावर सोसत नाही.

प्रश्न : माझ्या चार एंजलपैकी दोन रोडावले आहेत. दाणे तोंडात घेतात आणि थुंकतात, विष्ठा पांढरी, चिकट, दोरीसारखी लांब आहे. जंत समजून आम्ही मेट्रोनिडाझोल दिले, उपयोग झाला नाही. लेव्हामिसोल द्यावे का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : पांढरी विष्ठा हे लक्षण आहे, निदान नव्हे. चार दिवस न खाल्लेल्या माशाचीही विष्ठा पांढरी होते, कारण बाहेर येतो तो आतड्याचा नुसता श्लेष्मा असतो. एंजल आणि डिस्कस यांच्यात या लक्षणामागे दोन कारणे विशेष आढळतात. एक म्हणजे स्पायरोन्यूक्लियस हा चाबकासारखे तंतू असलेला एकपेशीय जीव, आणि दुसरे म्हणजे कॅपिलॅरिया हा केसाइतका बारीक जंत, जो बाहेरून कधी दिसत नाही. मेट्रोनिडाझोल पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर नाही. म्हणजे आपण अंधारात एक बाण सोडला, आता दुसरा सोडण्याआधी दिवा लावून पाहावे.

मासा वेगळ्या स्वच्छ भांड्यात ठेवून ताजी विष्ठा ड्रॉपरने उचलावी आणि पाण्याच्या थेंबासह काचपट्टीवर ठेवून शक्यतो काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. एकपेशीय जीव जिवंत असतानाच सळसळताना ओळखू येतात, वाळलेल्या नमुन्यात ते हाती लागत नाहीत. कॅपिलॅरियाची अंडी मात्र लंबगोल असून दोन्ही टोकांना बुचासारखी टोपणे असतात आणि एकदा पाहिली की विसरत नाहीत. नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या मत्स्य किंवा पशुवैद्यक महाविद्यालयात आधी विचारून नमुना घेऊन जावे. शाळेतल्या एखाद्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मनावर घेतले तरी काम होते.

कॅपिलॅरिया निघाल्यास फेनबेंडाझोल खाद्यातून द्यावे. हे औषध पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे टाकीत ओतण्यात अर्थ नसतो. प्रमाण खाद्याच्या वजनाच्या ०.२५ टक्के, म्हणजे १५० मिलिग्रॅमची एक गोळी ६० ग्रॅम खाद्याला. गोळीची वस्त्रगाळ पूड करून ती उकडून वाटलेल्या कोळंबीत कालवावी, कोमट जिलेटिनमध्ये मिसळून पातळ थराच्या वड्या पाडाव्यात आणि फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. सलग तीन दिवस हे खाद्य द्यावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. टाकीत गोगलगायी असल्यास त्या आधी काढाव्यात, फेनबेंडाझोल त्यांना मारते. मासा खातच नसेल तर मात्र लेव्हामिसोलचे स्नान हाच मार्ग उरतो.

विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे चपटे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि त्याला या दोहोंऐवजी प्राझिक्वांटेल लागते. काहीच सापडले नाही आणि मासा पाठीचा कणा वाकून सुकतच चालला, तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा लागतो. त्यावर घरगुती टाकीत भरवशाचा उपचार नाही. अशा टाकीत हाताला जखम असताना हात घालू नये, कारण तो जंतू माणसाच्या त्वचेत गाठी निर्माण करतो.

प्रश्न : गप्पींना जंत आहेत. मुलांना लागण होईल का? आणि मासे मारायला जीव होत नाही, तर ते फुटाळ्यात सोडले तर चालतील का?
— एक वाचिका, गोकुळपेठ, नागपूर

उत्तर : कॅमॅलॅनस माणसाला होत नाही. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवायला मुलांना सांगावे, एवढे पुरे.

फुटाळ्यात किंवा कोणत्याही तलावात, विहिरीत मासे सोडू नयेत. कॅमॅलॅनस कॉटी हा पूर्व आशियातला जंत शोभिवंत माशांबरोबर जगभर गेला. हवाई बेटांवर बाहेरून आणून सोडलेल्या गप्पींसारख्या माशांमार्फत तो तिथल्या ओढ्यांतल्या मूळच्या माशांत शिरला आणि तिथेच राहिला. आपल्याकडे तर डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरी-डबक्यांत गप्पी मुद्दाम सोडले जातात, तेव्हा एका घरातला जंत कुठवर पोहोचेल याचा अंदाज करता येईल. मारण्याचा प्रश्नही येत नाही. वर दिलेली दोन फेऱ्यांची पद्धत आपल्या टाकीलाही लागू आहे आणि खात्या-पित्या गप्पी तीतून बहुधा सावरतात. नवे मासे आणाल तेव्हा मात्र ते तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत किंवा टबात ठेवावेत आणि त्यांची जाळी, नळी मुख्य टाकीत वापरू नये.