‘आकस’ म्हणजे आकसलेलं मन नव्हे

अमळनेरच्या एका वाचक ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर, म्हणजे बायबलमध्ये येशूने सांगितलेल्या एका गोष्टीवर, प्रवचन झालं. पाळकांनी सांगितलं, की सकाळपासून राबलेल्या मजुरांच्या मनात आकस आला, आणि आकस म्हणजे मन आकसणं. देवाचं मन विशाल, माणसाचं आकसलेलं. ही व्युत्पत्ती खरी का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे सोड’ म्हणावं की ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नाही. हे ‘आकस म्हणजे आकसलेलं मन’ मी प्रवचनात ऐकलंय, कीर्तनात ऐकलंय, शाळेच्या परिपाठात ऐकलंय, सेवानिवृत्तीच्या भाषणातही ऐकलंय. यमक जुळलं की नातं जुळलं, असं धरून चालायची सवय मोडायला हवी.

आकसणं म्हणजे आखडणं, आत ओढलं जाणं. थंडीने कातडी आकसते, पाण्यातून काढलेलं कापड आकसतं. आकस मात्र धरावा लागतो, ठेवावा लागतो, बाळगावा लागतो, आणि तो नेहमी कोणाविषयी तरी असतो. गावजेवण घालणारा, अडल्यानडल्याला बियाण्याला पैसे देणारा मोठ्या मनाचा माणूसही बांधाच्या शेजाऱ्याविषयी वर्षानुवर्षं आकस धरून असतो. त्याचं मन आकसलेलं नाही. ते एका माणसापाशी अडकलंय, इतकंच.

काही जाणकार दोन्ही शब्द संस्कृत ‘आकर्ष’वर नेऊन बांधतात. आकसणं तिथून आलं असेल, त्यावर माझा वाद नाही. पण मग हिंदीतल्या ‘अकस’चं काय करणार? तिथे अकस म्हणजे सरळसरळ वैर, आणि आखडणं या अर्थाचं ‘अकसना’ क्रियापद तिथे कोणी वापरत नाही. आई नाही आणि लेकरू आहे, असं कसं? ‘आकर्ष’वाले या प्रश्नाला बगल देतात. एकाच शब्दाच्या मराठी रूपाला संस्कृत बाप द्यायचा आणि हिंदी रूपाला अरबी, हा कुठला न्याय?

अरबी म्हटलं, कारण माझ्या ठाम मते शब्द तिथलाच आहे: ‘अक्स’. अरबीत त्याचा अर्थ उलट करणं, फिरवणं. फारसीत आणि उर्दूत त्याला जो अर्थ चिकटला तो गझला ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे: प्रतिबिंब. आजच्या फारसीत तर फोटोलाही ‘अक्स’च म्हणतात. उर्दूतलं ‘बरअक्स’ म्हणजे याउलट. ‘अक्ल’ची आपण अक्कल केली, ‘हुक्म’चा हुकूम केला, तसा ‘अक्स’चा अकस आणि आकस झाला. जोडाक्षर फोडून मधे स्वर घालणं ही आपल्या जिभेची जुनी खोड आहे.

आता यातून वैराचा अर्थ कसा निघाला? सरळ पायरी अशी लावता येते: उलट, त्यावरून विरोध, विरोधावरून वैर. ती चूक नाही. पण मला तेवढ्यावर थांबवत नाही. माझं म्हणणं असं, की आकसात प्रतिबिंबही शिल्लक आहे. रागाला दुसऱ्याने केलेली आगळीक पुरते. आकसाला दुसऱ्याच्या ताटात आपलं ताट पाहावं लागतं. त्याला काय मिळालं हे बघूनच मला काय मिळालं ते मला कळतं, आणि बघितलेलं नेमकं उलटं दिसतं: पुरेसं असलेलं कमी दिसतं. ज्याचा आपल्याशी ताळाच लागत नाही, त्याच्याविषयी आकस धरता येत नाही. कोणी सालदार जिल्हाधिकाऱ्याचा आकस धरत नाही. तो दुसऱ्या सालदाराचा धरतो, ज्याला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उचल जास्त मिळाली.

आणि म्हणूनच मला तो दाखला ‘आकस’ शब्दाचं सर्वांत चांगलं उदाहरण वाटतो. पाळकांनी शब्द अचूक निवडला होता, फक्त फोड चुकीची केली.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात मळ्याचा मालक पहाटे मजूर बघायला निघतो. एक दिनार रोज ठरतो. मग तो पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी दिवस मावळायला तास उरला असताना जातो. ‘दिवसभर रिकामे का उभे?’ विचारल्यावर उत्तर येतं, ‘आम्हाला कोणी कामाला लावलं नाही.’ जळगाव किंवा धुळ्यात मजूर जिथे उभे राहतात तो नाका ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे उत्तर समजावून सांगावं लागत नाही. कपाशी वेचायला, केळीचे घड वाहायला धडधाकट गडी आधी उचलले जातात. उन्हं कलल्यावर उरतो तो म्हातारा, कडेवर पोर असलेली बाई, नाहीतर मागच्याच महिन्यात दवाखान्यातून आलेला. अकराव्या तासाचे, म्हणजे सगळ्यांत शेवटी आलेले मजूर आळशी होते, असं दाखल्यात कुठेही नाही. तरी प्रवचनांत ते आळशी होतात, हेही एकदा कोणी थांबवायला हवं.

मग मालक कारभाऱ्याला सांगतो: मजुरी वाट, पण शेवटच्यांपासून सुरू कर. इथे माझ्या म्हणण्याला बळ मिळतं. आधी आलेल्यांना आधी पैसे दिले असते तर ते ठरलेला दिनार कनवटीला लावून आनंदाने घरी गेले असते. त्यांना पाहायला लावलंय. तासभर काम केलेल्याच्या तळहातावर पूर्ण दिनार त्यांनी पाहिला, आणि ज्या दिनाराला पहाटे स्वतःच ‘हो’ म्हटलं होतं तो त्यांना खोटा वाटू लागला. रक्कम तीच. पाहिल्यामुळे उलटी झाली. अक्स!

मालकाचं उत्तर तर माझ्या बाजूने साक्ष देतं. मूळ ग्रीक शब्द जसेच्या तसे मराठीत ठेवले तर तो विचारतो: ‘मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे काय?’ तिथे मन नाही, हृदय नाही. डोळा आहे. हा इब्री (हिब्रू) बोलण्याचा जुना वळसा. बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात (२२:९) ‘चांगल्या डोळ्याचा’ माणूस म्हणजे उदार माणूस, जो आपल्या भाकरीतली गरिबाला देतो. ‘वाईट डोळ्याचा’ म्हणजे कंजूष, हेवा करणारा. बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जं सोडून देण्याची आज्ञा आहे आणि लगेच ताकीद आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाकडे पाहताना तुझा डोळा वाईट होऊ देऊ नकोस. कर्जमाफी आणि वाईट डोळा एकाच ठिकाणी!

काही नवी भाषांतरं सोपेपणाच्या नावाखाली इथला डोळा काढून ‘हेवा’ घालतात. इंग्रजीला तसं करावं लागत असेल, मराठीला का? आपल्याकडे डोळ्यात सलणं आहे, डोळ्यात खुपणं आहे. आमच्या खानदेशी अहिराणीत हे वाक्य जन्मल्यासारखं उभं राहतं: ‘मी उदार शे, ते तुना डोयामा खुपस का?’ आजी ऐकेल आणि मान डोलवेल. ज्या भाषेला मूळचा अवयव तयार मिळतो, तिने तो गमावणं मला सहन होत नाही.

आणखी एक. मालक त्या कुरकुरणाऱ्याला ‘गड्या’ म्हणून हाक मारतो. त्याचा दिनार काढून घेत नाही, खाडा धरत नाही. औदार्य शेवटच्यालाच मिळालं असं आपण समजतो. आकस धरणाऱ्यालाही ते मिळालंच की, त्याने फक्त तिकडे पाहिलं नाही.

कर्जमाफीचा उल्लेख झालाच आहे, तर तिकडेही बघा. २०१७ ची कर्जमाफी आठवा, मग २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली ‘कर्जमुक्ती’ आठवा. दोन्ही वेळा पारावर एकच वाक्य: ‘मग आम्ही वेळेवर भरलं, ते काय चुकलं?’ नियमित फेडणाऱ्यांसाठी प्रोत्साहनाची रक्कम जाहीर करावी लागली ती यामुळेच. सरकारला तो प्रश्न विचारणं रास्त आहे. सरकारचा पैसा सगळ्यांचा, आणि सरकारने न्यायच करायचा असतो. दाखल्यातला मालक ‘माझं आहे ते मी देतो’ म्हणतो. प्रवचनकार या दोन गोष्टींची गल्लत करून शेतकऱ्याच्या रास्त तक्रारीला आकस म्हणतात, तेव्हा शब्दाचाही अपमान होतो आणि शेतकऱ्याचाही. जिथे देणाऱ्याने कोणाचंच काही बुडवलेलं नाही आणि तरी डोळ्यात खुपतं, तिथेच तो शब्द वापरावा.

आता दुसरा प्रश्न. ‘ऋणे सोड’ हे मत्तयाला धरून आहे. लूकच्या शुभवर्तमानात ‘पापांची क्षमा कर’ आहे, पण लगेच पुढे ‘आमच्या प्रत्येक ऋणकऱ्याला आम्हीही सोडतो’ असं ऋण येतंच. कारण येशूच्या अरामी बोलीत ‘होबा’ हा एकच शब्द कर्जालाही होता आणि पापालाही. तेव्हा दोन्ही बरोबर. पण मला विचाराल तर ‘सोड’ हे क्रियापद टाकू नका. क्षमा ‘क्षम्’पासून, म्हणजे सोसणं. माफी अरबीतून, तिच्या मुळाशी पुसून टाकणं आहे. ग्रीकमध्ये मात्र इथे ‘आफिएमी’ आहे, म्हणजे हातातून जाऊ देणं. मत्तयात पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तिथे हेच क्रियापद. ऋण सोडायचं तिथेही हेच. मराठीत जाळीही सोडता येतात आणि ऋणही. मराठीला हे एका शब्दात जमतं.

शिवाय आकसाशी व्याकरणाने जोडी जमते ती याच क्रियापदाची. आकस धरतात, म्हणून आकस सोडतात. आकसाची क्षमा करता येत नाही, आकस माफही होत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर बघा. त्याला राजाने दहा हजार तालांतांचं ऋण सोडलं होतं. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, म्हणजे दहा हजार तालांत ही ६ कोटी दिवसांची मजुरी. बाहेर पडताच त्याने सोबतच्या चाकराला १०० दिनारांसाठी धरलं, आणि धरलं ते नरडीला. तिथेही धरणं आणि सोडणंच आहे.

तर ताई, लिहिताना ‘त्याच्याविषयी आकस धरला, ठेवला, बाळगला, सोडला’ असं लिहावं. ‘आकसापोटी’, ‘आकसाने’ हेही शुद्ध. ‘मला आकस आला’ म्हणू नये, ते रागाचं क्रियापद आहे. आणि पाळकांना माझा निरोप द्या, की पुढच्या वेळी हा दाखला सांगताना त्यांनी मन बाजूला ठेवून डोळ्यावर बोलावं.