बीपीएमएन आकृतीवरून थेट वेब अ‍ॅप्लिकेशन तयार होतं का?
बीपीएमएन म्हणजे कामाची प्रक्रिया ठरावीक चिन्हांनी आकृतीत मांडण्याची पद्धत. अशा आकृतीतला प्रक्रियेचा प्रवाह थेट चालवता येतो, पण पूर्ण अ‍ॅप्लिकेशन त्या आकृतीतून बाहेर पडत नाही. २०११ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या बीपीएमएन २.० मध्ये चिन्हांबरोबरच ती कशी चालवायची याचे नियम आणि एक्सएमएल फाइलचं स्वरूपही ठरवून दिलं आहे. म्हणून कामुंडा, फ्लोएबल, जेबीपीएम यांसारखी सॉफ्टवेअर इंजिनं ती फाइल वाचून प्रक्रिया चालवू शकतात. यूजर टास्क, म्हणजे माणसाने करायचं काम, आला की इंजिन थांबतं आणि ठरलेल्या व्यक्तीच्या किंवा गटाच्या यादीत काम टाकतं. सर्व्हिस टास्कला, म्हणजे आपोआप व्हायच्या कामाला, तुमचा कोड किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरचा एपीआय बोलावतं. गेटवेवर, म्हणजे वाटा फुटतात तिथे, अट तपासून पुढची वाट धरतं. मात्र डेटाबेसची रचना, स्क्रीन, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, अहवाल हे सगळं आकृतीत नसतं, ते वेगळं बांधावंच लागतं. खरा वेळ तिथेच जातो, हे वेळापत्रक आखतानाच धरा. आणि व्यवसाय विश्लेषकाने समजावण्यासाठी काढलेली आकृती सहसा जशीच्या तशी चालत नाही: अटी शब्दांत लिहिलेल्या असतात, काही चुकलं तर कुठे जायचं त्या वाटा दाखवलेल्या नसतात.

एक गोष्ट आधीच ठरवा: आकृती बदलून नवी आवृत्ती चढवली तरी आधी सुरू झालेली प्रकरणं सहसा जुन्या आवृत्तीवरच चालत राहतात. ती नव्यावर आणायची असतील तर स्थलांतर मुद्दाम करावं लागतं. महिनोन्‌महिने उघडी राहणारी प्रकरणं असतील, तर हे पहिल्याच दिवशी तपासून घ्या.