दिवाळीत मुलांकडून टेबलमॅट कसे बनवून घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की ५ आणि ९ वर्षांच्या मुलांना घेऊन भाऊबीजेच्या जेवणासाठी टेबलमॅट करायचेत आणि ते जेवण होईपर्यंत टिकले पाहिजेत. आमच्याकडे तीन वर्षं करतोय, त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी ताट मोजा, खरंच. पहिल्या वर्षी माझ्या लेकीने कागदाच्या मधोमध दोन तास बसून ठिपक्यांची रांगोळी काढली, आणि जेवायला बसल्यावर त्यावर ताट ठेवलं की सगळी झाकली. ती काही बोलली नाही, पण आपलं ताट सारखं बाजूला सरकवून खाली बघत होती, मला फार वाईट वाटलं. ए-थ्री कागद साडेसोळा बाय पावणेबारा इंच असतो आणि आपलं जेवायचं स्टीलचं ताट साधारण १२ इंची, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वादोन इंच जागा उरते. तेव्हा मधला भाग कोरा सोडायचा आणि चित्र फक्त डावी-उजवीकडे. नाहीतरी आपल्याकडे पानाभोवती रांगोळीची महिरप काढतातच की, तेच कागदावर करायचं.

छोट्याला पणत्या द्या. अंगठा पोस्टर कलरमध्ये बुडवून आडवा दाबला की पणती, वर करंगळीचं टोक पिवळ्यात बुडवून उभं टेकवलं की ज्योत. माझा भाचा एका दमात चाळीस काढतो!

मोठीला विणायचा मॅट जमेल. ए-थ्री मापाची कार्डशीट अर्धी दुमडायची, घडी लांब बाजूने येईल अशी, घडीच्या बाजूने दर इंचावर कापत जायचं पण समोरच्या कडेला एक इंच सोडून थांबायचं, मग उलगडून दुसऱ्या रंगाच्या इंचभर रुंद नऊ पट्ट्या खाली-वर, खाली-वर ओवायच्या, पुढची पट्टी उलटी सुरू करायची आणि टोकं ग्लूस्टिकने चिकटवायची. घट्ट सरकवत गेलं तरच नऊ बसतात.

अजून एक, मला सगळ्यात आवडलेलं. गेल्या वर्षी लेकीने डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड काढली आणि उजवीकडे भाज्या. वाढायला भाचा होता, तो मॅटवर बघून बरोब्बर जागच्या जागी वाढत होता, त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात प्रत्येकाचं नाव तिच्या अक्षरात, आजी, मामा, काकू असं. आजींनी त्यांचा मॅट घरी नेला आणि अजून रोज त्यावरच चहाचा कप ठेवतात.

टिकण्यासाठी लॅमिनेशनच करा, हळद-तेल ओल्या फडक्याने पुसलं की जातं. वॅक्स क्रेयॉन मात्र नको, मशीनच्या उष्णतेने मेण वितळून पसरतं. पोस्टर कलर असेल तर पूर्ण एक दिवस वाळू द्या, नाहीतर बुडबुडे येतात. टिकल्या, आरसे, फेविकॉलचे जाड थर तर नकोच. आणि कडा कापताना कागदाच्या बाहेर पाव इंच प्लास्टिक राहू दे, अगदी कागदाला लागून कापलं की आमटी आत शिरते. गरम कुकर किंवा कढई थेट ठेवू नका त्यावर.

लॅमिनेशनवाल्याकडे वसुबारसेच्या आधीच जाऊन या, नंतर दुकान उघडं मिळेलच असं नाही.